नऊ इंच

नोव्हेंबर आला की मला सिद्ध करावं लागतं
की मी आहे.
बँक पोवई नाक्यावर, मी चिमणपुऱ्यात,
मध्ये साताऱ्याचा उतार,
जो परतताना चढ होतो.
पाण्याच्या टाकीच्या नकाशात हे मीच दाखवलं होतं,
गुडघ्यांना उशिरा कळलं.

राजवाड्यावर बस लागते
थांब्यापासून दोन हात लांब,
मांडवात रुसलेल्या व्याह्यासारखी.
पहिली पायरी माझ्या नडगीच्या वर.
एक हात दांड्याला, एक कागदांना,
कंडक्टर म्हणतो, "आजोबा, आटपा."
आटपतच आलंय रे बाबा,
म्हणून तर दाखला मागतात.
तिकीट नाही, पंच्याहत्तरच्या पुढं फुकट.
प्रवास फुकट. चढणं तेवढं महाग.

उतरलो की समोर फूटपाथ.
काठीवर मी खुणा केल्यात, सवय जात नाही.
नऊ इंच.
ठराव सहाचा होता.
गाड्या चढतील, पाणी शिरेल, म्हणून नऊ.
साल एकोणनव्वद, बांधकाम विभाग,
खाली निळ्या शाईत ओव्हरसियरची सही.
कोणाची ते विचारू नका,
अक्षर अजून तसंच आहे माझं.
तेव्हा मी सायकल खांद्यावर घेऊन चर ओलांडायचो.
आणि नकाशा एकाला पाचशे,
माणूस त्यात जेमतेम टिंब.
टिंबाला कुठं गुडघे असतात?

मुलगा फोनवर म्हणतो, इकडेच या,
लिफ्ट आहे, अकराव्या मजल्यावरून सगळं पुणं दिसतं.
मला सगळं नाही बघायचं.
मला बाबालाल मुजावरचं घड्याळांचं दुकान बघायचंय
आणि त्याच्या दारातलं ते स्टूल,
जे तो कुणी न सांगता सकाळी बाहेर ठेवतो.
ते नसतं तर माझं गाव
मोती चौकाच्या अलीकडेच संपलं असतं.

वहीत लिहून ठेवलंय, कुठं टेकता येतं:
शाळेचा ओटा, ऊन येईपर्यंत.
पेढेवाल्याची पायरी, गिऱ्हाईक नसेल तर.
मग चारशे पावलं काहीच नाही.
मग दवाखान्याची बुटकी भिंत,
तिच्यावर यंदा काचा लावल्या.

ही वही अर्जाला जोडली, सोबत नकाशा, हाताने काढलेला.
नगरपालिकेतून शलाका भोइटे आली,
टेप घेऊन, माझ्या नातीच्या वयाची.
सिग्नलला मला चालायला लावलं, हातात मोबाईलचं घड्याळ.
हिरवा अठरा सेकंद.
मला लागले एकतीस.
म्हणजे तेरा सेकंद
मी त्या रस्त्यावर हिशोबातच नव्हतो,
हयातीचा दाखला खिशात असून.

मग कोपऱ्याशी वाकून तिनं टेप लावली.
"काका, नऊ का हो केलं यांनी?"
यांनी.
मी म्हटलं, घाईत असेल माणूस.

फोडलं. एकच, मंडईच्या कोपऱ्यावरचं.
एकाला बाराचा उतार,
सिमेंट ओलं असताना तिनं खराट्यानं खरबरीत करून घेतलं,
उभी राहून, रात्री साडेदहाला.
दुसऱ्या दिवशी त्यावर स्कूटर.
तिसऱ्या दिवशीही.
चौथ्या दिवशी द्वारकाबाई घोरपडे,
दोन वर्षं ज्यांची भाजी शेजारीण आणायची,
चार पायांची काठी घेऊन आल्या,
स्कूटरवाल्याच्या सात पिढ्या उद्धरल्या,
उतरल्या,
मेथी निवडून घेतली, भाव पाडून, दोन जुड्या.

वळताना मला बघून थांबल्या.
"एवढं एकच केलंय व्हय? आन् पल्याडचं?"

पल्याडचं मी मोजलं नाही.
मला माहीत आहे.